सोयाबीन, जवस आणि गर्भपिशवीचं अस्तर: निरोगी पेशींवर काय होतं, कॅन्सरच्या पेशींवर काय?

मांजराकाठ | १४ नोव्हेंबर

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट मिळतात.

आम्ही लातूर जिल्ह्यातले, मांजरेच्या काठचं गाव. आई ५८ वर्षांची, पाळी जाऊन सात वर्षं झाली. दसऱ्यानंतर सोयाबीनच्या राशी चालू होत्या, खळ्यावर मळणी यंत्र आलेलं. आई माणसांना चहा देऊन घरात आली, न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेरच येईना. आली तेव्हा हळूच म्हणाली, "काल जरा लाल गेलं गं अंगावरून. आज परत गेलं. धुळीनं झालं असंल." धुळीचा आणि याचा काय संबंध? पण भीती वाटली की माणूस हाताशी असलेलं कारण पुढं करतो.

तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर ११ मिमी आलं. तिथल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगून टाकलं, "पिशवी काढून टाका, ठेवली तर कॅन्सर होईल. सोमवारी भरती व्हा." तुकडा तपासायची गोष्टच नाही. आई तर तयारही झाली होती. मी तिला तशीच उठवून लातूरला दुसऱ्या मॅडमकडे नेलं. त्यांनी आधी तुकडा घेऊन तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: हायपरप्लेशिया, ॲटिपिया नाही. म्हणजे अस्तर वाजवीपेक्षा जास्त वाढलंय, पण पेशींचं रूप बिघडलेलं नाही, कॅन्सर नाही. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालू केल्यात, सहा महिन्यांनी परत तुकडा घेणार.

आता मुद्दा. "बाहेरच्या काही गोळ्या घेता का?" असं मॅडमनी विचारल्यावर आईनं हातातल्या थैलीतून एक डबी काढली. अंगातून वाफा निघतात म्हणून मामेबहिणीनं पुण्याहून पाठवलेली. सोया आयसोफ्लेव्होन, म्हणजे सोयाबीनमधले इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनसारखे वागणारे घटक, रोज दोन कॅप्सूल, दोन्ही मिळून १०० मिग्रॅ. तीन वर्षं घेतेय आणि आम्हाला घरात कुणालाच माहीत नाही! वर दहा किलो गव्हात किलोभर सोयाबीन घालून दळण, आणि रोज जवसाची चटणी. मॅडमनी कॅप्सूल त्याच दिवशी बंद करायला सांगितली. जेवणाचं काय ते नीट बोलणं झालं नाही, बाहेर रांग होती.

घरी आल्यापासून दोन्हीकडून मारा चालू आहे. काकू म्हणते सोयाबीन म्हणजे बायकांना विष. भाऊ मोबाईलवर लेख दाखवतो की सोयानं कॅन्सरच्या पेशी मरतात. एकाच दाण्याबद्दल इतकं उलटसुलट कसं? कुणी या विषयात काम केलेलं असेल तर कृपया समजावून सांगा.

---

परभणीकर | १४ नोव्हेंबर

ताई, आधी हिशोब मांडू. वाळलेल्या सोयाबीनमध्ये १०० ग्रॅमला साधारण १५० मिग्रॅ आयसोफ्लेव्होन असतात. वाण, जमीन, पाऊस यानं कमीजास्त होतं. त्यात मुख्य जेनिस्टीन आणि डायड्झीन, थोडं ग्लायसिटीन. आई दिवसाला दीडशे ग्रॅम पिठाच्या पोळ्या खात असतील तर त्यात सोयाबीन १३-१४ ग्रॅम येतं. म्हणजे २० मिग्रॅच्या आसपास. डबीतले १०० मिग्रॅ म्हणजे त्याच्या पाचपट, आणि तेही न चुकता रोज.

तेलाची काळजी सोडा. आयसोफ्लेव्होन तेलात उतरत नाहीत, पेंडीत राहतात. आपल्याकडं जेएस-३३५ काय, परभणीच्या विद्यापीठाची एमएयूएस-७१, १५८, १६२ काय, सगळं मोंढ्यात जातं. तेल माणसाला, पेंड कोंबडीला. सोयाबीन पिकवायचं पोत्यानं आणि खायचं चिमटीनं, असा आपला प्रकार आहे.

एक सांगायचं राहिलं. दळणात घालता ते सोयाबीन कच्चं नको. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवून, वाळवून मग दळा. त्याचा इस्ट्रोजेनशी संबंध नाही, पण कच्च्या दाण्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही.

---

केजची सून | १५ नोव्हेंबर

ताई, तुम्ही आईला उठवून दुसरीकडं नेलंत हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडं ते झालं नाही. माझ्या सासरच्या दोन जावांची पिशवी पस्तिशीच्या आत गेली, दोघी ऊसतोडीला जायच्या. "कॅन्सर होईल" एवढं एकच वाक्य पुरलं. अंगावर पांढरं जात होतं, पोट दुखत होतं, त्याचा इलाज कुणी केलाच नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारनं समिती नेमली, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आकडा वाचला तेव्हा मला या दोघींचे चेहरेच दिसले.

सोयाबीनचं मला कळत नाही. पण तुकडा तपासल्याशिवाय कुणी पिशवी काढायला सांगत असेल तर ऐकू नका.

---

सूक्ष्मदर्शी | १५ नोव्हेंबर

मी मूळचा नांदेडचा, बरीच वर्षं पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. त्यातली काही गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशींवर. मोठं उत्तर लिहितोय, सवडीनं वाचा.

पेशीला इस्ट्रोजेनचा निरोप पोचतो तो ग्राहीमार्फत, म्हणजे हार्मोन जिथं येऊन चिकटतं त्या पेशीतल्या जागेमार्फत. हे ग्राही दोन जातींचे, अल्फा आणि बीटा. बीटाचा शोध उशिरा, १९९६ मध्ये लागला आणि त्यानंतर वनस्पतींच्या इस्ट्रोजेनचं कोडं थोडं सुटायला लागलं. सोयातलं जेनिस्टीन बीटाला जास्त घट्ट चिकटतं, अल्फाला बरंच सैल. आणि अस्तरात वाढीचा हुकूम देणारा मुख्य ग्राही अल्फा आहे. बीटा बहुतेक वेळा लगाम खेचतो. म्हणून इस्ट्राडायोलच्या, म्हणजे आपल्या शरीरातल्या मुख्य इस्ट्रोजेनच्या, तुलनेत जेनिस्टीन अस्तरासाठी फार दुबळं ठरतं.

पण दुबळा एकटा असेल तर दुबळा. जमावानं आला तर गोष्ट वेगळी. पाळी गेलेल्या बाईच्या रक्तात इस्ट्राडायोल अगदी थेंबभर उरतं, आणि सोयाची कॅप्सूल घेणारीच्या रक्तात जेनिस्टीन त्याच्या शेकडो, कधी हजारो पट असू शकतं. उलट तरुण, पाळी चालू असलेल्या बाईत इस्ट्राडायोल भरपूर असतं. तिथं हा दुबळा जाऊन ग्राहीवर बसला की बलवानाची जागा अडते, आणि परिणाम कमी होतो. तुमची काकू आणि तुमचा भाऊ एकमेकांच्या विरुद्ध बोलतात त्याचं मूळ इथं आहे. पदार्थ तोच, पण आसपास खरं इस्ट्रोजेन किती आहे यावर तो चढवणार की उतरवणार ते ठरतं.

आता कॅन्सरच्या पेशी. या कामात इशिकावा नावाच्या पेशी जगभर वापरतात. एका ३९ वर्षांच्या जपानी बाईच्या अस्तराच्या कॅन्सरपासून त्या १९८० मध्ये वाढवल्या, आणि आजही फ्लास्कमध्ये वाढत आहेत. त्यांच्यात इस्ट्रोजेनचे ग्राही शाबूत आहेत. इस्ट्रोजेन दिलं की अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं विकर (एन्झाइम) वाढतं, त्यावरून एखाद्या वनस्पतीत इस्ट्रोजेनचा गुण आहे का हे मोजता येतं. जेनिस्टीन कमी प्रमाणात दिलं की या पेशी इस्ट्रोजेन मिळाल्यासारख्याच वागतात. विकर वाढतं, प्रोजेस्टेरॉनचे ग्राही वाढतात. मग प्रमाण वाढवत नेलं, काही दहा मायक्रोमोलरच्या (हे द्रवातलं प्रमाण मोजायचं माप) घरात गेलं, की त्याच पेशींची वाढ थांबते, पुढं त्या मरायला लागतात. कारण एवढ्या प्रमाणात जेनिस्टीन पेशीला वाढीचा निरोप देणाऱ्या टायरोसिन कायनेज या विकरांना अडवतं, हे १९८७ पासून माहीत आहे. तो मार्ग इस्ट्रोजेनच्या ग्राहीचा नाहीच. म्हणून ज्या कॅन्सर-पेशींत ग्राही जवळपास उरलेले नाहीत त्यासुद्धा थांबतात.

भावानं दाखवलेला लेख बहुधा या दुसऱ्या भागावर उभा आहे. आणि तिथंच फसगत आहे. जेवणातून सोया खाणाऱ्याच्या रक्तात एकूण मात्रा फार तर काही मायक्रोमोलरपर्यंत जाते, आणि तीही बहुतेक साखरेला किंवा सल्फेटला जोडलेली, म्हणजे ग्राहीच्या दृष्टीनं निकामी. डिशमध्ये कॅन्सर मारणारं प्रमाण ताटातून रक्तात येतच नाही. येतं ते बहुतेक पहिल्या, कमी प्रमाणाच्या भागातलं.

निरोगी पेशींचं काम जास्त अवघड, आणि मला ते जास्त आवडायचं. शस्त्रक्रियेतून, बाईची संमती घेऊन, अस्तराचा तुकडा यायचा. बोटाच्या पेराएवढाही नसायचा. तो बारीक कापून, विकरात घालून, ग्रंथींच्या पेशी आणि त्यांच्याभोवतीच्या आधार-पेशी चाळणीतून वेगळ्या करायच्या. चाळणीवर ग्रंथी राहतात, खाली आधार-पेशी जातात, थेट रवा-मैदा वेगळा करावा तसं. पण या निरोगी ग्रंथी-पेशी डिशमध्ये फार टिकत नाहीत आणि हळूहळू आपले ग्राही गमावतात. आणखी एक गोष्ट आम्ही अनुभवानं शिकलो. मिडियमला, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवाला, गुलाबी रंग असतो तो फिनॉल रेडचा, आणि त्या रंगालाच इस्ट्रोजेनचा हलका गुण लागलेला असतो. त्यात घालतात त्या सीरममध्येही (रक्तातला पातळ द्रव) इस्ट्रोजेन असतं. म्हणून बिनरंगाचं मिडियम आणि कोळशातून काढलेलं सीरम वापरावं लागतं. नाही वापरलं तर प्रयोग सुरू व्हायच्या आधीच पेशींना इस्ट्रोजेन मिळालेलं असतं, आणि मग जेनिस्टीननं काही झालं की नाही झालं हे सांगायला तोंड उरत नाही.

निरोगी अस्तरात ग्रंथीची पेशी स्वतःच्या मनानं वाढत नाही. इस्ट्रोजेनचा निरोप बराचसा शेजारच्या आधार-पेशी ऐकतात आणि त्या ग्रंथीला वाढायला सांगतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं. आधार-पेशींत अल्फा ग्राही नसेल तर इस्ट्रोजेन देऊनही ग्रंथी वाढत नाही. कॅन्सर झालेली पेशी मात्र शेजाऱ्याला विचारत नाही. तिच्यात पीटेन नावाचं लगामाचं जनुक बहुधा बिघडलेलं असतं, ती आपली आपण वाढते. म्हणून "कॅन्सरच्या पेशीवर असं झालं, म्हणजे तुमच्या अस्तरावरही असंच होईल" असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. दोन्ही पेशी एकाच अवयवाच्या असल्या तरी त्यांची वागणूक एक नाही.

---

मांजराकाठ | १५ नोव्हेंबर

सर, दोनदा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं, शेजाऱ्याचं उदाहरण तिला लगेच कळलं. म्हणाली, "म्हंजी बिघडलेलं पोरगं घरच्यांचं ऐकत न्हाई, तसंच की."

पण मग प्रत्यक्ष बायकांवर काय दिसलंय? तीन वर्षं कॅप्सूल घेतल्यानं हे झालं असेल का?

---

सूक्ष्मदर्शी | १६ नोव्हेंबर

आईंनी माझं अख्खं पान एका वाक्यात बसवलं.

बायकांवरचं सांगतो. इटलीत पाळी गेलेल्या ३७६ निरोगी बायकांवर अभ्यास झाला, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना रोज १५० मिग्रॅ सोया आयसोफ्लेव्होन, काहींना बिनऔषधाची गोळी. अडीच वर्षांपर्यंत फरक नव्हता. पाच वर्षांनी सोया घेणाऱ्यांत ३.३७ टक्के जणींना हायपरप्लेशिया, दुसऱ्या गटात शून्य. कॅन्सर एकीलाही नाही. २०१५ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा रोज १५० मिग्रॅपर्यंत, अडीच वर्षांपर्यंत अस्तराची जाडी वाढलेली दिसली नाही. पाच वर्षांच्या वापरात मात्र काही बदल दिसले, तेही कॅन्सरचे नव्हेत, अशी नोंद त्यांनी केली.

माकडिणींवरचा प्रयोगही लक्षात ठेवण्यासारखा आहे. अंडाशय काढलेल्या माकडिणींना इस्ट्राडायोल दिलं तर अस्तर वाढलं, सोयाचे आयसोफ्लेव्होन दिले तर नाही.

मग कॅप्सूलनंच झालं का? तुमच्या आईची मात्रा इटलीच्या अभ्यासापेक्षा कमी आणि काळही कमी. वजन, साखर वगैरे काही आहे का? ते कळल्याशिवाय डबीवर बोट ठेवणं मला बरोबर वाटत नाही. पण बंद केली हे योग्यच. अस्तर वाढलेलं असताना इस्ट्रोजेनसारखं काहीही, कितीही सौम्य असलं तरी, रोज घेण्यात अर्थ नाही.

आणि जिथं सोया रोजच्या जेवणात असतं त्या चीनचं सांगायचं तर शांघायमध्ये अस्तराचा कॅन्सर झालेल्या ८३२ आणि न झालेल्या ८४६ बायकांची तुलना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. जास्त सोया खाणाऱ्यांत हा कॅन्सर कमी आढळला. पण ते खाणं म्हणजे लहानपणापासूनचं टोफू, सोयाचं दूध, ताजे दाणे. कॅप्सूल नव्हे. जेवण आणि अर्क यांना एका मापानं मोजू नका.

---

गोठेवाला | १६ नोव्हेंबर

विषय बायकांच्या आरोग्याचा आहे, पण जनावरांतलं सांगितलं तर चालेल असं वाटतं, कारण सुरुवात तिथूनच झाली. ऑस्ट्रेलियात सबटेरेनियन क्लोव्हर नावाच्या चाऱ्यावर मेंढ्या गाभण राहीनात, पिशवीच्या अस्तरात पाण्याच्या गाठी व्हायच्या. १९४६ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी ते लिहून ठेवलं. पुढं कळलं की त्या चाऱ्यातला एक घटक मेंढीच्या पोटात जाऊन इक्वॉल होतो आणि इक्वॉल इस्ट्रोजेनसारखं वागतो.

आपली लसूणघास त्याच कुळातली. तिच्यात कुमेस्ट्रॉल हे इस्ट्रोजेनसारखं वागणारं द्रव्य असतं, आणि पानावर बुरशी किंवा मावा पडला की ते वाढतं. मी दहा वर्षं गोठा चालवतो. गाय उलटत असेल (भरवूनही गाभण राहत नसेल) तर नुसत्या लसूणघासावर ठेवत नाही, कडबा आणि मका मिसळतो.

---

सूक्ष्मदर्शी | १६ नोव्हेंबर

गोठेवाले दादा, फार चांगली आठवण. माणसातही तोच इक्वॉल आहे. डायड्झीनपासून आतड्यातले जिवाणू तो बनवतात, पण सगळ्यांच्या आतड्यात ते जिवाणू नसतात. पाश्चात्त्य देशांत तिघांत एकाच्या आसपास, जपानात निम्म्याहून अधिक लोकांत. म्हणजे एकाच ताटात जेवलेल्या दोन बहिणींच्या अस्तरापर्यंत वेगवेगळी गोष्ट पोचू शकते. जवसाचंही तसंच. जवसात लिग्नान नावाचे घटक भरपूर, पण ते आतड्यातल्या जिवाणूंनी एंटरोलॅक्टोन केल्यावरच इस्ट्रोजेनसारखे वागतात, तेही फार हलके. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की ते कमी होतं, आणि काही महिनेही कमी राहू शकतं. चमचाभर जवसाची चटणी कुणाची बंद करू नका.

आणखी एक सांगायला हवं. वयाचाही फरक पडतो. नुकत्या जन्मलेल्या उंदरांना पहिले पाच दिवस जेनिस्टीनची इंजेक्शनं दिली, तर दीड वर्षानं त्यांच्यापैकी ३५ टक्क्यांना पिशवीचा कॅन्सर झाला, असं २००१ मध्ये अमेरिकेत दिसलं. इंजेक्शन आणि जेवण एक नाही, उंदीर आणि माणूस एक नाही. पण अवयव घडत असताना इस्ट्रोजेनचा निरोप चुकीच्या वेळी पोचला तर फार पुढं परिणाम होऊ शकतो, हे त्यातून कळतं. तान्ह्या बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सोयाचं दूध सुरू करू नये असं मी म्हणतो ते यामुळं.

---

आशावादी | १७ नोव्हेंबर

मला तीन वर्षांपूर्वी छातीचा कॅन्सर झाला, आता टॅमॉक्सिफेन चालू आहे. मी घाबरून सोयाबीनची वडीसुद्धा बंद केली. टॅमॉक्सिफेननं पिशवीच्या अस्तरावर परिणाम होतो असं वाचलं. मी काय करू?

---

अंबाजोगाईकर | १७ नोव्हेंबर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आशावादी ताई, आधी तुमचं. टॅमॉक्सिफेन हे या धाग्यातल्या प्रश्नाचंच सर्वांत चांगलं उदाहरण आहे. तेच औषध छातीत इस्ट्रोजेनला अडवतं आणि पिशवीच्या अस्तरात इस्ट्रोजेनसारखं वागतं. पाळी गेलेल्या बायकांत त्यानं अस्तराच्या कॅन्सरची शक्यता दोन-तीन पट होते. पण मुळात ती शक्यता थोडी, त्यामुळं प्रत्यक्षात अशा बायका थोड्याच. छातीसाठी त्याचा फायदा फार मोठा आहे. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. थेंबभर जरी लाल गेलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. वडीची भाजी कधीमधी खाल्ली तर काही होत नाही, सोयाची कॅप्सूल मात्र घेऊ नका.

मांजराकाठ ताई, आईंचं वजन आणि साखर हा प्रश्न सूक्ष्मदर्शींनी विचारला तोच मीही विचारते. पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवायचं थांबवतात, पण चरबी बनवत राहते. चरबीतलं ॲरोमटेज नावाचं विकर दुसऱ्या हार्मोनपासून इस्ट्रोन तयार करतं. हे सोयातलं दुबळं पाहुणं इस्ट्रोजेन नव्हे, हे घरचं आणि खरं. आणि त्याला उतारा द्यायला प्रोजेस्टेरॉन नसतं. नुसतं इस्ट्रोजेन दिल्यानं अस्तराचा कॅन्सर वाढतो हे १९७५ मध्ये अमेरिकेत पुढं आलं. तिथं बायकांना पाळी गेल्यावर नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या सर्रास देत होते. त्यानंतर सोबत प्रोजेस्टेरॉन द्यायला लागले. तुमच्या आईंना आता तेच देत आहेत.

रिपोर्टबद्दल धीर देते. ॲटिपिया नसलेल्या हायपरप्लेशियाचं वीस वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी आहे. यासाठी पिशवी लगेच काढायची गरज नसते. पण गोळ्या आणि फेरतपासणी चुकवू नका.

आणि सगळ्यांसाठी: पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी गेला तरी तपासायचंच. अशा शंभर बायकांत नऊएक जणींना अस्तराचा कॅन्सर निघतो. बाकी बहुतेकींचं अस्तर नुसतं सुकून पातळ झालेलं असतं. ज्यांना तो कॅन्सर असतो त्यांतल्या नव्वद टक्के जणींना आधी रक्तस्राव झालेला असतो. म्हणजे शरीर वेळेवर सांगतं. आपल्याकडं बाई ते साडीच्या घडीत लपवते आणि वर्षभर काढते.

---

धाराशिवची लेक | १७ नोव्हेंबर

मी आरोग्य विभागात काम करते. एक गोंधळ रोज बघते, तो इथं सांगते. "पिशवीचा कॅन्सर" या एका शब्दात बायका दोन वेगळे आजार घालतात. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळं होतो. त्याचा सोयाबीनशी, इस्ट्रोजेनच्या गोळ्यांशी असा संबंध नाही. त्याची तपासणी वेगळी, त्यावर लसही आहे. पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर वेगळा, तो हार्मोनशी जोडलेला.

आपल्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या ५२ गावगटांत १,३१,७४६ बायकांवर पिशवीच्या तोंडाच्या तपासणीचा अभ्यास झाला, बार्शीच्या आणि मुंबईच्या कॅन्सर रुग्णालयांनी मिळून. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभर त्याचा दाखला देतात. आमच्या आत्याबाईंची पिढी त्यात होती. पण ती तपासणी "ठीक" आली म्हणून अस्तराचं रक्त जाणं अंगावर काढलं, असं एका मावशीचं झालं. ती तपासणी तोंडाची होती, अस्तराची नव्हती.

---

मांजराकाठ | १८ नोव्हेंबर

डॉक्टर ताई, आईचं वजन ७८, उंची पाच फूट. साखर आठ वर्षांपासून आहे. म्हणजे कॅप्सूलला सगळा दोष देऊन मी मोकळी झाले होते आणि खरी गोष्ट समोर बसून चहात दोन चमचे साखर घालून घेत होती.

काकूला कालच सांगितलं की दळणातलं सोयाबीन राहू दे. ती ऐकून घेईना. मग परभणीकरांचा हिशोब वहीवर मांडून दाखवला, वीस मिग्रॅ आणि शंभर मिग्रॅ. वहीकडं बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "मंग उकडून तरी घाल."

---

मांजराकाठ | २२ मे

सहा महिने झाले, म्हणून धागा वर आणतेय. मागच्या आठवड्यात परत तुकडा घेतला, काल रिपोर्ट आला. हायपरप्लेशिया दिसत नाही, गोळ्यांचा परिणाम झालेला दिसतो असं लिहिलंय. मॅडमनी अजून सहा महिन्यांनी बोलावलंय. वजन पाच किलो उतरलं, साखर गोळीनं आणि चालण्यानं ताब्यात आहे. आई पहाटे मळ्यापर्यंत जाऊन येते, ऊन व्हायच्या आत. कॅप्सूल बंदच आहे. वाफा येतात तेव्हा ओला पंचा मानेवर ठेवते. चटणी चालू आहे.

कॅप्सूलनं झालं होतं का, हे मी मॅडमना परत विचारलं. म्हणाल्या, वजन, साखर आणि कॅप्सूल तिन्ही एकदमच बदललं, आता कुणाचा वाटा किती हे वेगळं काढता येणार नाही.

लिहायचं दुसरंच कारण आहे. आईनं आपलं सगळं शेजारच्या मोठ्या काकूंना सांगितलं. त्या ऐकत बसल्या आणि मग उठून दार लावून घेतलं. त्यांचं आठ महिन्यांपासून जातंय. वय ६६. घरात कुणालाही माहीत नाही, सुनेलाही नाही. उद्या सकाळी सहाच्या एसटीनं त्यांना लातूरला नेतेय, आई सोबत येणार आहे. पहिल्या भेटीला काय काय न्यावं लागेल?

---

अंबाजोगाईकर | २२ मे

जुने रिपोर्ट असतील ते सगळे. चालू असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी किंवा डबी, आयुर्वेदिक आणि "ताकदीची" म्हणून घेतलेलीसुद्धा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ते दारातच सांगा. साखरेची गोळी असेल तर नाश्ता करून निघा, उपाशी नेऊ नका. एक घडी केलेलं जुनं सुती कापड आणि बदलायला साडी. तुकडा घेताना पाळीतल्यासारखं पोटात दुखतं, काही मिनिटं. ते काकूंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिथं घाबरणार नाहीत.